सातव्या बारातला श्वास

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनच केला असता, पण फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मग तू माझ्यावरच ओरडतेस. शिवाय मला जे विचारायचं आहे ते बोलताना माझी गडबड होईल. लिहिताना निदान खोडता येतं.

आधी चांगली बातमी. आमच्या ध्वनिसंग्रहातून जुन्या रेकॉर्डिंगांचा संच निघतो आहे, सहा सीडींचा. सगळं आपल्याच रेडिओच्या स्टुडिओत मुद्रित झालेलं. हायडनच्या दोन सिंफनी आहेत, शुबर्टचे पियानोचे छोटे तुकडे आहेत, मेंडेलसोन आहे, आणि चौथ्या सीडीवर तू आहेस. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा, ऑर्केस्ट्राबरोबरचा तुझा मोझार्टचा कॉन्चेर्टो. विभागप्रमुख म्हणाले, "या संचाचा जीव तोच आहे. बाकी सगळं त्याच्या वऱ्हाडाला." मी त्यांना सांगितलं नाही की ती माझी सख्खी आत्या आणि टेप कापणारे माझे बाबा. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.

माझं काम असं, की टेप लावायची, पूर्ण ऐकायची, संगणकावर उतरवायची आणि मग एका कागदावर सही करायची. कागदावर लिहिलेलं असतं, "या मुद्रणातील वादक कोण, याची मी स्वतः खात्री केली आहे." बाकीचे न वाचता सही करतात. मी वाचते.

तर दुसरा भाग, संथ. स्वरलिपीतले पहिले बारा बार पियानो एकटाच वाजतो आणि मग व्हायोलिनं येतात. ते बारा बार म्हणजे टेपचा वेगळा तुकडा आहे. दोन्ही टोकांना बाबांची पांढरी चिकटपट्टी दिसते. त्यात नवल काही नाही, बाबा एकेका रिळात चाळीस जोड द्यायचे. पण या तुकड्यातला पियानो जवळून ऐकू येतो आणि भोवतालची खोली रिकामी वाटते. त्या बारा बारांबद्दल तुला काही आठवतं का? वेगळं काही मनात आणू नकोस. कागद एकतीस मार्चला द्यायचा आहे, म्हणून विचारते.

आई बरी आहे. गुडघा सोडून.

तुझी,
खारूताई


११ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

बातमी वाचून मी शेजारच्या निवृत्त दंतवैद्यांना चहाला बोलावलं. त्यांना मोझार्टमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या दारात दुसरं कोणी सापडलं नाही. सीडी कशावर ऐकायची ते आता मला कोणीतरी शिकवा.

तुझे कान दादाचे आहेत. एक्केचाळीस वर्षांत त्या बारा बारांबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, ते दादा, वहिनी आणि मी, एवढ्या तिघांतच राहील. पहिल्या दिवशी ऑर्केस्ट्राबरोबर ती सुरुवात माझ्याकडून बिघडली. उजव्या हाताचं चौथं बोट तेव्हापासूनच माझं ऐकेनासं झालं होतं. ऑर्केस्ट्राला पुन्हा बोलावणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या स्टुडिओत आम्ही तिघंच होतो. मी रडले, हे तुला म्हणून लिहिते. वहिनी नसती तर ते बारा बार झालेच नसते. हे मी कधी तिला तोंडावर म्हटलं नाही. नणंदेची जीभ तेवढी वळत नाही, त्याला काय करणार.

ते तसंच राहू दे. चोरी थोडीच केली आम्ही! बेलाशक सही कर. तू लहानपणी भाजी निवडतानासुद्धा प्रत्येक शेंग उन्हाकडे धरून बघायचीस.

सातव्या बारातला श्वास नीट आला आहे ना टेपवर? तेवढं सांभाळ. स्वच्छ करण्याच्या नादात तो पुसू नका.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणजे तुला माहीत होतं! मला वाटत होतं की तुला माहीत नसेल, आणि मग हे तुला सांगायचं तरी कोणी.

आता मोकळेपणानं लिहिते. जोड पाहून मला कळलं नव्हतं. मला कळलं त्या सातव्या बारातल्या श्वासावरून. आई काम करताना हीच सुरावट गुणगुणते. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी पुसताना. आणि बरोबर त्या जागी ती थांबते, जिभेनं 'टक्' असा आवाज करते आणि पुढे जाते. लहानपणी मी तिची नक्कल करायचे. एकदा विचारलं तर म्हणाली, "माझ्या माहेरच्या तबकडीवर तिथे ओरखडा होता. सुई अडखळायची. मी त्या तबकडीवरून ऐकून माहेरच्या पियानोवर शिकले, मग माझंही तिथेच अडखळतं." तू आलीस की ती गुणगुणत नाही, म्हणून तू कधी ऐकलं नसशील.

टेपवर 'टक्' नाही, पण थांबणं तेच आहे, तेवढंच. मी घड्याळ लावून मोजलं. मग माझीच मला शरम वाटली, की आईला असं मोजते आहे.

ते बारा बार आईनं वाजवले हे तुम्ही तिघांनी एवढी वर्षं सांभाळलंत. तुला बोट साथ देत नसताना तिला बसवायला केवढं मोठं मन लागलं असेल! पण आत्या, आता कागदावर काय लिहू? तुझ्या एकटीच्या नावापुढे मला सही करवत नाही. खाली बारीक अक्षरात आईचं नाव घातलं तर तुला चालेल का?

उत्तर लवकर लिही.

तुझी,
खारूताई


३ मार्च

प्रिय आत्या,

माझं पत्र मिळालं ना? दोन आठवडे झाले. तू एवढा वेळ कधी लावत नाहीस, तुला उत्तर द्यायची उलट घाईच असते.

काल मी तुझं ११ तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. "वहिनी नसती तर ते बारा बार झालेच नसते." पहिल्यांदा वाचताना या वाक्याचा एकच अर्थ मला दिसला होता. काल दुसराही दिसला, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. तू असं तर म्हणत नव्हतीस ना, की आई फक्त तिथे होती? धीर द्यायला?

तसं असेल तर मी काय लिहून बसले!

एका ओळीचं कार्ड टाक. शिव्या घाल, पण टाक.

खारूताई


१२ मार्च

प्रिय आत्या,

न राहवून आज तुझ्या शेजारच्या दंतवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे. रोज चार वाजता पियानो उघडतात, तेच ते थोडंसं वाजवतात आणि झाकण आपटतात. तुमच्यात काही झालं का?" मी म्हटलं, नाही. चक्क खोटं बोलले.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारते, आत्याचं पत्र कसं नाही? मी म्हणते, टपाल उशिरा येतं हल्ली. हे दुसरं खोटं.

डायरीत मी रोज लिहिते की मी सही करण्यापुरतं खरं शोधत होते. आणि रोज खाली लिहिते, की तू विचारलं नसताना मी ते तुझ्या हातात ठेवलं. यातलं कुठलं वाक्य खोडायचं ते ठरत नाही.

खारूताई


१९ मार्च

खारूताई,

होय. वहिनी फक्त तिथे होती. तिनं थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतलं, माझा हात त्यात धरून ठेवला आणि बोटं चोळली. 'वहिनी नसती तर' हे मी त्या गरम पाण्याबद्दल लिहिलं होतं. मग मी सहा वेळा सुरुवात वाजवली. सहाव्यानंतर दादा काचेमागून म्हणाला, "झालं. उत्तम. घरी जा." मी गेले.

एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मला तुझ्या पत्रातून कळलं, उद्गारचिन्हासकट.

रागावून गप्प बसले नव्हते. रागावले होतेच, पण कोणावर ते ठरत नव्हतं. दादा मेला त्याला नऊ वर्षं झाली. आता कोणाचा कान धरू?

तुला एक गोष्ट सांगते, जी मी कोणालाही सांगितलेली नाही. तो श्वास मला स्वतःलाच भारी वाटला होता. रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हे मी केलं? कधी? लोकांनी त्याचं कौतुक केलं. एकानं लिहिलं, की इथे पियानो क्षणभर विचार करतो. मी ते कात्रण ठेवलं. तीस वर्षं विद्यार्थिनींना सांगितलं, सातव्या बारात श्वास घ्या, बोटांनी नाही, पोटातून. "बाई, हे तुम्हाला कुठून सुचलं?" असं त्या विचारायच्या. मी म्हणायचे, "सुचत नाही गं, येतं."

रेकॉर्डिंगनंतर मी हा भाग स्टेजवर चार वेळा वाजवला. चारही वेळा त्या जागेची वाट बघत बसले आणि श्वास आला नाही. नुसतं थांबून पाहिलं तर विसरल्यासारखं वाटायचं. चौथ्या वेळेनंतर मी जाहीर वाजवणं सोडलं. सगळ्यांना वाटतं बोटामुळे. मीही तेच सांगत आले. बोटाचं बरं असतं, लोक पुढे विचारत नाहीत. खरं कारण हे, की मला माझ्यासारखं वाजवता येईना.

आणि तो निघाला तबकडीवरचा ओरखडा! काल मला हसू आलं. बराच वेळ हसले. दंतवैद्य दार वाजवून गेले.

तुझी चूक झाली का, हे विचारू नकोस. मला अजून माहीत नाही.

एक काम कर. माझे सहा टेक शोध. दादा मेल्या बॅटऱ्यासुद्धा टाकत नसे, टेप टाकली नसेल. सापडले तर सगळे पाठव. कुठला चांगला, कुठला वाईट, एक अक्षर लिहू नकोस.

आत्या


२२ मार्च

प्रिय आत्या,

सापडले. तळघरातल्या कपाटात, तपासणीच्या रिळांमागे. डब्यावर बाबांच्या अक्षरात: "सुरुवात, १ ते ६. वापरू नये." खाली वेगळ्या पेनानं: "७, घेतला." सातव्याच्या जागी टेप कापलेली आहे. तू सहाच वाजवलेस, म्हणजे मी लिहिलं ते खरं होतं. ते खोटं निघावं, अशी मला रीळ लावेपर्यंत आशा होती.

सहाही सीडीवर उतरवून सोबत पाठवते. दंतवैद्यांना सीडीचं यंत्र चालवता येतं, मी विचारून घेतलं. तू सांगितलंस तसं एक अक्षर लिहीत नाही. कठीण जातं आहे, पण लिहीत नाही.

आईला सांगितलं. सांगितल्याशिवाय तिच्यासमोर जेवता येईना. ती मोज्यांच्या जोड्या लावून ठेवत होती. तिनं हातातली जोडी पूर्ण केली आणि म्हणाली, "कळलं का तिला. बरं झालं."

मी म्हटलं, "आई, तू एवढी वर्षं गप्प कशी बसलीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं? तुझी आत्या गेल्यावर मी तुझ्या बाबांना म्हटलं, सहावा चांगला आहे, उगाच तिला रडवलंत. तर म्हणाले, तुला काय कळतं! आणि लगेच म्हणाले, एवढं कळतं तर तू वाजव. मी रागानं बसले आणि वाजवलं. टेप चालू आहे हे मला काय माहीत? पुढे रेडिओवर लागलं तेव्हा मी भांडी घासत होते. सातव्या बाराला हात थांबला माझा."

"मग बाबांना विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाले, तिचं नाव होऊ दे, बोटाचं पुढे काय होईल सांगता येत नाही. बहिणीसाठी जीव तुटत होता त्यांचा. मी म्हटलं, होऊ दे." मग म्हणाली, "पाहुणे आले की ते कौतुकानं लावायचे, बहिणीची रेकॉर्ड म्हणून. मी चहा द्यायचे. सगळे म्हणायचे, काय सुरुवात आहे! मी म्हणायचे, साखर किती?"

तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. सहाव्याबद्दल ती जे म्हणाली ते गाळावं का, यावर मी तासभर घालवला. पण ते माझं मत नाही, तिचं आहे, आणि ते आधीच एकदा दाबून टाकलेलं आहे. तरी तुझा नियम मोडला असेल तर माफ कर.

नऊ दिवस उरले आहेत.

खारूताई


२७ मार्च

प्रिय खारूताई,

तीन दिवस ऐकलं. दंतवैद्यांनी बटणं दाबली आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत, त्याबद्दल त्यांना मी मोझार्टमधलं थोडं ओ की ठो शिकवणार आहे.

पहिले तीन वाईट. चौथ्यात बोट घसरतं. पाचवा मी रागात वाजवला आहे. सहावा चांगला आहे.

थोर नाही, चांगला. चौथं बोट जरा मागे राहतं, पण ते मागे राहणंही माझंच आहे. सातव्या बारातून मी सरळ चालत जाते, कारण तिथे थांबायचं काही कारण मला दिसलं नव्हतं. चौतीस वर्षांची एक बाई रडून झाल्यावर नीट बसून वाजवते आहे. दादाला तेवढं ऐकू आलं नाही. त्याला माझं बोटच ऐकू येत होतं. माझ्या काळजीनं त्याचे कान बंद झाले, आणि मी पुढची सगळी वर्षं दुसऱ्या बाईसारखं वाजवायचा प्रयत्न केला. त्याच्यावर राग धरू की नको ते माझं मी बघेन, त्याला वेळ लागेल.

वहिनीवर राग नाही. थोडा आहे, पण तो ती माझ्यापेक्षा बरी वाजवते म्हणून. तो राहू दे, त्याची मला सवय होईल.

आता तुझ्या कागदाचं. कॉन्चेर्टोत सहावा टेक घाला. लोक म्हणतील, पूर्वीची सुरुवात बरी होती. म्हणू देत. जुळेल का ते तू बघ, जोड देणाऱ्याची मुलगी आहेस. आणि वहिनीचे बारा बार सीडीच्या शेवटी वेगळे घाला, एकटे, तिच्या नावानं. बारीक अक्षरात नाही, माझ्याएवढ्याच. आधी त्या जागी काय होतं आणि का बदललं, हे पुस्तिकेत साध्या शब्दांत लिही. दादाचं नावही घाल. त्याची फजिती करू नकोस आणि त्याला झाकूही नकोस. जमलं तर बघ, मला जमलं नसतं.

पण वहिनीला आधी विचार. दादानं तिला विचारलं नव्हतं आणि मलाही नाही. तू मात्र मला न विचारता सांगितलंस आणि नंतर तीन पत्रं क्षमा मागत बसलीस, तेही पुरे झालं. आता एकदा आधी विचारून बघ.

तुझी आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

विचारलं.

आधी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, तू माझी कोण तेही. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आता आपण बारा बारांसाठी पुस्तिका पुन्हा छापायची?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "अहो, मग उभ्या का? बसा आणि लिहा."

सहावा टेक जोडला. व्हायोलिनं येतात तिथे एक बारीक पायरी जाणवते. ती मी आणखी घासली नाही.

घरी येऊन आईला तुझं पत्र वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं. "थोडा आहे" या वाक्याला हसली. मग म्हणाली, "शेवटी घालते आहे का मला? बरं. घाल." आणि पत्राची घडी घालत, "पण नाव माहेरचं घाल. मी तेव्हा जे वाजवलं ते तिथलं होतं. तुझ्या बाबांच्या आडनावाची एक बाई सीडीवर आहेच."

मी कागद पुढे ओढला आणि तिचं माहेरचं नाव लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "चुकलं."

"काय चुकलं?"

"आडनावातली पहिली वेलांटी. आम्ही ऱ्हस्व लिहितो."

आत्या, बँकेच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या फॉर्मवर, जिथे जिथे आईचं माहेरचं आडनाव विचारतात, तिथे मी ते आजवर दीर्घ लिहीत आले आहे. आणि दर वेळी खाली सही केली आहे, की वरील माहिती खरी आहे.

मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं ते आडनाव शेवटचं कधी लिहिलं होतं, तिलाच आठवेना. आधी वर्तमानपत्राच्या कडेला दोनदा लिहून पाहिलं, मग कागदावर लिहिलं. अक्षर थोडं वर चढत गेलं आहे. त्याच्या शेजारी तुझं नाव आहे. दोन्ही मी तीन तीन वेळा वाचली.

खाली मी सही केली आहे.

तुझी,
खारूताई